शंभरपट स्वस्त उजेडाचा हिशेब

एलईडीच्या शंभराव्या हिश्शाइतकी वीज खाणारा दिवा जपानात तयार झाला आहे, त्याचं विज्ञान पुण्यात आहे, त्याला लागणारं मँगनीज आपल्याच भंडारा जिल्ह्यात आहे. मग आमच्या आसगावच्या खांबांवर पुन्हा एलईडीच कशाला टांगायचे? आमच्या भागातले एक निवृत्त विज्ञान शिक्षक भेटेल त्याला हा प्रश्न विचारत असतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचा आग्रह असा, की ग्रामपंचायतीनं पथदिव्यांची नवी खरेदी थांबवावी, ‘फील्ड एमिशन’ दिव्यांची वाट पाहावी आणि जमलं तर जिल्ह्यातच त्यांचा कारखाना मागावा. गुरुजींचं वाचन दांडगं आहे. आमच्या चौरास भागातल्या दोन पिढ्यांना विज्ञानाची गोडी लावणारा माणूस म्हणून त्यांना मान आहे, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं लोक खरं मानून चालतात. ते खरं नाही. गावाचे पैसे आणि जिल्ह्याची आशा दोन्ही त्यात अडकणार असतील, तर हे जाहीरपणे सांगायला हवं.

आधी हा दिवा काय आहे ते पाहू. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये एक फिलामेंट तापवून इलेक्ट्रॉन बाहेर काढत आणि ते पडद्यावरच्या फॉस्फरवर आदळवत. आदळले की उजेड. फील्ड एमिशनमध्ये तापवणं नाही. अतिशय अणकुचीदार टोकाजवळ विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं, की थंड पदार्थातूनही इलेक्ट्रॉन निसटतात. कसे निसटतात त्याचं गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडलं. पुंज यांत्रिकीच्या सुरुवातीच्या यशांपैकी ते एक. टोकापाशी दर नॅनोमीटरला काही व्होल्ट इतकं क्षेत्र लागतं. एवढं क्षेत्र सपाट पत्र्यावर तयार करायचं म्हटलं तर एका मिलिमीटरच्या फटीवर काही दशलक्ष व्होल्ट द्यावे लागतील. पण कार्बन नॅनोट्यूबसारखं टोक असेल तर ते स्वतःच क्षेत्र हजार-दोन हजार पट वाढवतं आणि दोन हजार व्होल्टमध्ये काम भागतं. १९९५ मध्ये नॅनोट्यूबमधून असे इलेक्ट्रॉन काढून दाखवले गेले, तेव्हापासून दिव्याची कल्पना अनेकांच्या डोक्यात बसली. पारा नाही, फिलामेंट नाही, बटण दाबताच पूर्ण उजेड. कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही.

आता त्या शंभरपटीकडे येऊ, कारण सगळी इमारत तिच्यावर उभी आहे. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या नोरिहिरो शिमोई आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नॅनोट्यूबचा सपाट दिवा बनवला. त्याबद्दलच्या प्रसिद्धिपत्रकात म्हटलं होतं, की या दिव्याला तासाला सुमारे ०.१ वॅट लागतो आणि हे एलईडीच्या सुमारे शंभरपट कमी आहे. बातम्यांनी तेवढंच उचललं. ‘तासाला वॅट’ हे मोजमापच मुळात गोंधळाचं आहे, दहावीच्या पेपरात गुरुजींनीच त्यावर लाल रेघ मारली असती. पण खरी गंमत पुढे आहे. त्याच पत्रकात त्याच दिव्याची कार्यक्षमता दिली होती: दर वॅटला ६० लुमेन. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. बाजारातला साधा एलईडी बल्ब दर वॅटला १०० लुमेनच्या आसपास देतो, चांगले पथदिवे १२० च्या पुढे जातात. म्हणजे शंभरपट सरस असल्याचा दावा ज्या कागदावर होता, त्याच कागदावर तो दिवा एलईडीच्या मागे असल्याचा आकडाही होता. ०.१ वॅट खाणारा दिवा मंद होता म्हणून कमी खात होता. एलईडीही मंद ठेवला तर कमीच खाईल.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एक तोंडी हिशेब करावा. २० वॅटचा एलईडी पथदिवा २००० लुमेन देतो असं धरा. त्याच्या शंभराव्या हिश्शात, ०.२ वॅटमध्ये, तेवढाच उजेड म्हणजे दर वॅटला १०,००० लुमेन. आणि निसर्गाची कमाल मर्यादा आहे ६८३, तीही वीज शंभर टक्के हिरव्या उजेडात उतरली तर. पांढऱ्या उजेडासाठी ती साधारण निम्म्यावर येते. गुरुजींचा दिवा तंत्रज्ञानाच्या पुढे आहे असं नव्हे, तो लुमेनच्या व्याख्येच्याच पलीकडे आहे.

इथे गुरुजी म्हणतात, ठीक आहे, आज ६० आहे, उद्या २०० होईल. एलईडीही एकेकाळी मिणमिणताच होता. हा त्यांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा. त्याचं उत्तर फॉस्फरच्या कणात आहे, इलेक्ट्रॉन काढणाऱ्या टोकात नाही.

वेगवान इलेक्ट्रॉन फॉस्फरच्या कणात शिरला की आत इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांच्या जोड्या तयार करत जातो. अशी प्रत्येक जोडी तयार करायला त्या पदार्थाच्या ऊर्जा-फटीच्या साधारण तिप्पट ऊर्जा मोजावी लागते. म्हणजे दोन तृतीयांश ऊर्जा पहिल्याच घासाला उष्णतेत गेली. काही इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरूनच उसळून परत जातात. उरलेल्या ऊर्जेतलीही सगळी प्रकाश होत नाही. पिक्चर ट्यूबच्या उद्योगानं कित्येक दशकं खपून सर्वोत्तम झिंक सल्फाइड फॉस्फरची कार्यक्षमता २० ते २५ टक्क्यांपर्यंत नेली, आणि तिथे ती थांबली. लाल फॉस्फर त्याहून खाली राहिले. आता पांढऱ्या उजेडाच्या एका वॅटला ढोबळमानानं ३०० लुमेन धरा आणि त्याचे २० टक्के काढा. किती आले? ६०. तोहोकूचा आकडा योगायोग नव्हता. त्या वाटेचा जवळजवळ शेवट तिथेच आहे. उद्या कुणी शून्य ऊर्जेत इलेक्ट्रॉन काढणारं टोक शोधलं, तरी हा आकडा फारसा हलणार नाही. निळ्या एलईडीत मात्र इलेक्ट्रॉन आणि पोकळी थेट भेटून प्रकाश देतात, तिप्पट मोल मोजण्याचा टप्पाच येत नाही. म्हणून १९९३ नंतर तो चढत गेला, आणि त्याच्या शोधकांना, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ चं नोबेल मिळालं. एका वाटेवर चढ शिल्लक होता, दुसरी टेकडीच्या माथ्यावर पोचून थांबली होती.

मग पुण्यात काय चाललं आहे? गुरुजी पुण्याचं नाव अभिमानानं घेतात आणि तो अभिमान रास्त आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दिलीप जोग, महेंद्र मोरे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फील्ड एमिशनवर वर्षानुवर्षं काम केलं. लँथॅनम हेक्साबोराइडपासून नाना तऱ्हांच्या नॅनोरचनांपर्यंत. या प्रकारचे शोधनिबंध उघडून पाहावेत. स्टीलच्या कक्षात पंप लावून हवा काढत काढत दाब वातावरणाच्या अब्जाव्या हिश्शाच्याही खाली नेलेला असतो. आत नमुन्याचा छोटा तुकडा आणि त्याच्यासमोर, मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर, फॉस्फर चढवलेली पारदर्शक काच. व्होल्टेज वाढवत नेलं की काचेवर हिरवट ठिपके उमटतात. काही ठळक, काही थरथरणारे, काही मधेच विझून दुसरीकडे उगवणारे. शेवटी एक आलेख असतो: ठरावीक प्रवाह वेळेबरोबर किती स्थिर राहिला. आडव्या अक्षावर बहुधा काही तास असतात. इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या नमुन्यांच्या गुणांची तुलना करायला तेवढे पुरतात. पथदिव्याला मात्र २५,००० तास हवेत, आणि तेही सतत चालू पंपाशिवाय, सीलबंद काचेत. पुण्याच्या संशोधकांनी त्यांच्या आलेखावर गावाचे खांब उजळण्याचं आश्वासन दिलेलं नाही. ते आश्वासन आपण त्यांच्या नावावर चिकटवतो आणि पुढे संशोधन ‘फुकट गेलं’ म्हणून बोटं मोडायलाही आपणच पुढे.

ते थरथरणारे ठिपके हीच दिव्याची दुसरी अडचण. फाउलर-नॉर्डहाइमच्या सूत्रात प्रवाह क्षेत्राबरोबर घातांकी वेगानं वाढतो. एखादं टोक शेजाऱ्यांपेक्षा किंचित उंच असलं, तर बांधीतलं एकच रोप सगळं पाणी ओढून घ्यावं तसं ते जवळजवळ सगळा प्रवाह खेचतं, तापतं, जळतं आणि मग पाळी पुढच्या उंच टोकाची. त्यात काचेतून, धातूतून, खुद्द फॉस्फरमधून वायू झिरपत राहतात. त्यांचे आयन मागे येऊन टोकांवर मारा करतात. सल्फाइड फॉस्फर इलेक्ट्रॉनच्या माऱ्यात गंधक सोडतात, ते टोकांवर बसतं. आत बेरियमचा गेटर ठेवून उरलेसुरले वायू शोषता येतात, पिक्चर ट्यूबमध्ये ठेवतच. पण तिथला तापलेला कॅथोड दणकट असतो, ही टोकं नाजूक.

आता हा दिवा आसगावच्या खांबावर चढवून बघा. चांगल्या उजेडासाठी त्याला पाच ते दहा हजार व्होल्ट लागतात. कमी व्होल्टेजवर इलेक्ट्रॉन फॉस्फरच्या वरच्या निकामी थरातच अडकतात. क्ष-किरणांची भीती मी घालणार नाही, दहा हजार व्होल्टचे क्ष-किरण काचेतच मरतात. भीती आहे ती पाण्याची. दिव्याच्या टोपणात दहा हजार व्होल्टचा पुरवठा, बाहेर आषाढ-श्रावणाची झड, फटींतून आत गेलेली वाफ आणि चिलटांचा थर. शेतीपंपांची पाळी सुरू झाली की गावातलं व्होल्टेज कुठे जातं, हे इथे कुणाला सांगायला नको. वीज कडाडली की कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा पंखा, याची सकाळी चर्चा होते. एलईडीचा साधा ड्रायव्हर, म्हणजे त्याचा वीजपुरवठा, या हालात टिकत नाही ही गुरुजींची तक्रार खरी आहे. पण तीनशे व्होल्टचा पुरवठा जिथे टिकत नाही, तिथे दहा हजारांचा टिकेल असं मानायचं कशाच्या जोरावर?

पैशाचं गणितही मांडू. शंभर खांबांचं गाव, वर्षाला चार हजार तास उजेड, प्रत्येक खांबाला २००० लुमेन. एलईडीनं २० वॅट, म्हणजे वर्षाला ८,००० युनिट. प्रयोगशाळेतल्या सर्वोत्तम फील्ड एमिशन दिव्यानं ३३ वॅट, म्हणजे १३,००० च्या वर. आणि याच कुळातला जो दिवा खरोखर दुकानाच्या जवळ पोचला होता, तो धरला तर २५,००० च्याही पुढे. थकीत बिलापायी २०२१ मध्ये महावितरणनं राज्यभर गावोगावचे पथदिवे तोडले होते. त्या राज्यात वीज वाचवण्याच्या नावाखाली हा दिवा मागायचा, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

दुकानाच्या जवळ पोचलेला तो दिवा अमेरिकेच्या व्हीयू-वन कंपनीचा. चेक प्रजासत्ताकात ओलोमोउत्सला त्यांचा कारखाना होता. इलेक्ट्रॉन कसे काढायचे हा तपशील बाजूला ठेवा. इलेक्ट्रॉन फॉस्फरवर आदळवून उजेड करायचा, एवढा भाग तोच. छतात बसवायचा बल्ब त्यांनी बनवला, २०१० मध्ये सुरक्षा प्रमाणपत्र मिळवलं. दर वॅटला पंचवीस-तीस लुमेन. पिवळ्या बल्बपेक्षा चांगला, सीएफएलपेक्षा कमी, आणि एलईडी तेव्हा धडाधड स्वस्त होत होता. आपल्याकडे २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला, हे ‘उजाला’ योजनेचे आकडे आहेत. त्या घसरणीपुढे व्हीयू-वन टिकली नाही. स्वीडनच्या लाइटलॅबनं फील्ड एमिशन दिव्यावर बरीच वर्षं घालवली आणि शेवटी घरगुती उजेडाचा नाद सोडला.

मोठ्यांचीही कथा वेगळी नाही. याच तत्त्वावर पातळ टीव्ही काढायला कॅनन आणि तोशिबा एकत्र आले, २००४ मध्ये त्यासाठी कंपनी उभी केली, आणि २०१० मध्ये कॅनननं ती गुंडाळायचं ठरवलं. कोर्टकज्जे होते, पण एलसीडीच्या किमती कोसळत होत्या हे मुख्य. कॅनन-तोशिबाला निर्वात पोकळीतलं हे तंत्र बाजारभावात बसवता आलं नाही, ते भंडाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बसेल अशी आशा धरणाऱ्यानं निदान त्यांचं कुठे चुकलं हे तरी दाखवावं.

आणि महाराष्ट्राचा स्वतःचा धडा आहे. काच, निर्वात पोकळी, फॉस्फर, हजारो व्होल्ट हा सगळा संसार ज्यांना खरोखर येत होता, ते तेव्हाच्या औरंगाबादचे व्हिडिओकॉनवाले. २००५ मध्ये त्यांनी थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. नेमकी तीच वेळ, जेव्हा जग सपाट पडद्याकडे वळत होतं. कंपनीच्या पडझडीला इतरही कारणं झाली, तेल-वायूपासून मोबाइलपर्यंत, पण उतरत्या तंत्रज्ञानावर डाव लावला की कारखान्यांचं काय होतं, हे त्या ट्यूबच्या धंद्यानं दाखवलं. आज फील्ड एमिशन दिव्याचा कारखाना काढायचा तर तीच सगळी साधनं पुन्हा उभी करावी लागतील, तीही ती चालवता येणारी माणसं निवृत्त झाल्यावर.

राहिलं मँगनीज. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मॉयल कंपनीच्या खाणी हे जिल्ह्याचं खरं धन आहे, पण ते पोलाद आणि बॅटरीसाठी. फॉस्फरमध्ये मँगनीज नुसतं चिमूटभर लागतं, आणि तेही कमालीचं शुद्ध. दशलक्षात काही भाग लोह जरी मिसळलं तरी झिंक सल्फाइडची चमक मरते. डोंगरी बुजुर्गच्या खनिजात लोह आहे. खाण शेजारी असल्याचा दिव्याला काडीचा फायदा नाही. फॉस्फरचं खरं धन नागपुरात आहे, तिथल्या विद्यापीठात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, संजय ढोबळे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाताखाली, फॉस्फरवर प्रचंड काम झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं एलईडीला उपयोगी पडणारं. जिल्ह्यानं काही मागायचंच असेल तर त्या ज्ञानाला धरून मागावं. नाहीतर काय होतं ते आपण पाहिलं आहे: साकोली तालुक्यात मुंडीपारला ‘भेल’च्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, जमिनी गेल्या आणि लोक कारखान्याची वाट पाहत राहिले. तशा आणखी एका कोनशिलेची या जिल्ह्याला गरज नाही.

गुरुजींचं काय बरोबर आहे तेही सांगतो, कारण ते थोडं नाही. एलईडीच्या चिप आपण मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. स्वस्तात स्वस्त निविदा भरून बसवलेले दिवे पहिल्याच पावसाळ्यात डोळे मिचकावू लागतात आणि दुरुस्तीला कुणी येत नाही. पांढराफटक, निळसर उजेड डोळ्यांत घुसतो. धान निसवायच्या दिवसांत अशा खांबाखाली सकाळी तुडतुड्यांचा आणि खोडकिड्याच्या पतंगांचा खच पडलेला असतो. गावातले दिवे फुकटचे प्रकाश सापळे झालेले असतात. हे सगळं खरं. पण यातला एकही दोष एलईडीच्या भौतिकशास्त्राचा नाही, सगळे खरेदीचे आहेत. उबदार छटेचा एलईडी त्याच कंपन्या विकतात. मागणाऱ्यानं मागायला हवा. दिव्यात पारा नको हा मुद्दा तर एलईडीला लागूच नाही. त्यात पारा नसतो. तो ट्यूबलाइटमध्ये असतो, आणि मिनामाता कराराखाली २०२३ मध्ये झालेल्या निर्णयानं ट्यूबलाइटचं उत्पादन २०२७ पर्यंत बंद व्हायचं आहे.

फील्ड एमिशन म्हणजे टाकाऊ गोष्ट, असंही कुणी समजू नये. चांगल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं हृदय फील्ड एमिशनचंच असतं. थंड कॅथोडची हलकी क्ष-किरण यंत्रं बनू लागली आहेत. जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांच्या प्रांतात एलईडी अजून दुबळा आहे, विजेचे जेमतेम काही टक्के तो किरणांत उतरवतो. तिथे इलेक्ट्रॉन आदळवणाऱ्या दिव्याला खरी संधी आहे. स्वीडनची ती लाइटलॅब शेवटी तिकडेच वळली आणि तिनं प्युरफाइझ हे नाव घेतलं. तिथेही जुन्या पाऱ्याच्या अतिनील दिव्याशी गाठ आहे, जो तीस-चाळीस टक्के वीज किरणांत उतरवतो. पण पारा जायचाच असेल तर शर्यत खुली आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेला निधी मिळावा म्हणून गुरुजींनी पत्र लिहिलं तर मी खाली सही करीन. आसगावच्या खांबांसाठी करणार नाही.

कारण आसगावची अडचण अगदी साधी आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की माणूस बॅटरी घेऊन बांधावर जातो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच मुलखात आहे, वाघ ही इथे बातमी नाही, शेजार आहे. त्या माणसाला गावाबाहेर पडेपर्यंत वाटेवर उजेड हवा, याच पावसाळ्यात हवा, आणि खांबावरचा दिवा गेला तर आठवड्याच्या आत बदलून हवा. अजून दुकानात न आलेल्या दिव्यासाठी त्याला थांबवणं अन्याय आहे.

म्हणून ग्रामसभेपुढे दुसरा ठराव न्यावा. ३००० केल्विनच्या वर नसलेला उबदार एलईडी, खाली झुकवलेला, आकाशाकडे न सांडणारा. दहा किलोव्होल्टपर्यंतच्या लाटेला तोंड देणारं सर्ज संरक्षण. व्होल्टेज दीडशेवर उतरलं तरी चालणारा आणि दिवा न फेकता वेगळा बदलता येणारा ड्रायव्हर. पाच वर्षांची लेखी हमी, आणि ती पाळली नाही तर बिलातून कपात. अंतिम हप्ता पहिला पावसाळा काढल्यानंतरच. या अटी निविदेत घालायला ग्रामपंचायतीला तांत्रिक मदत लागेल, आणि ती देण्याइतकं विज्ञान गावात गुरुजींइतकं कुणाकडेच नाही. त्यांनी हा मसुदा स्वतः तपासावा आणि पहिली सही त्यांचीच असावी, एवढी विनंती.